तांडेलांची वाळू

बेटावरून निघायची वेळ झाली की तांडेल होडीच्या शिडीशी उभे राहायचे आणि प्रत्येकाला चपला काढून एकमेकींवर आपटायला लावायचे. "झाडा, नीट झाडा. वाळू हितली हाय, हितंच राहू दे." लहान मुलांचे तर ते खिसेही उलटे करून बघत.

आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी एकदा त्यांना म्हणाली, "बट अंकल, इट्स ओन्ली सँड."

तांडेलांना इंग्रजी येत नव्हतं, पण मुलीचा चेहरा कळला. "बाय, तुझ्या घरातनं पाव्हणा जाताना मूठभर साखर खिशात घालून गेला, तर तुझी आय काय बोलंल?"

मुलीनं फ्रॉकच्या खिशातले दोन शिंपलेही काढून ठेवले.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या शिस्तीला आपण आधी हसतो आणि मग नकळत ती पाळू लागतो. मी अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत प्रयोगशाळेत होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, तालुक्याच्या शाळेतून आलेला. नव्वदच्या दशकात तिथं शुक्रवारी करण्यासारखं फार काही नव्हतं. मग आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं मिळून तांडेलांच्या होडीनं बेटावर जायचो. होडी एका अरब मालकाची होती. तांडेल रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, वीस वर्षं आखातात काढलेले. त्यांचं खरं नाव आम्ही कधी घेतलं नाही. होडी चालवणारा तो तांडेल, एवढंच.

"तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला सांगायला नको," असं म्हणून ते सगळं सांगायचे. संत्र्याची साल पाण्यात टाकू नका. टेप मोठ्यानं लावू नका. कचऱ्याचं पोतं भरून होडीत परत आणा. उथळ पाण्यात ते इंजिन बंद करत आणि बांबूनं होडी ढकलत नेत. खाली समुद्री गवत होतं. "गाय चरायला येते हितं. पंखा लागला तर कापली जाईल," ते म्हणत. ही गाय म्हणजे समुद्रगाय. आम्हाला ती एकदाच दिसली, करड्या पाठीचा नुसता एक वळसा. त्या दिवशी तांडेल परतीच्या वाटेवर नुसते हसत होते.

मार्च-एप्रिलमध्ये कासवं अंडी घालायला येत. तेव्हा तांडेल आम्हाला होडीतच थांबवून आधी एकटे किनारा फिरून येत. जिथं अंडी पुरलेली दिसत तिथं वाळक्या काटक्या खोचत. त्या काटक्यांच्या पलीकडे कुणी जायचं नाही.

बेटावर एक म्हातारा अरब रखवालदार होता. तो दुसऱ्या कुठल्याही होडीला किनाऱ्याला लागू देत नसे. फक्त तांडेलांना परवानगी होती, कारण हा माणूस जे आणतो ते परत नेतो, हे त्यानं पाहिलं होतं. "ह्याची मर्जी गेली तर होडी गेली," तांडेल हसत सांगायचे, "आणि होडी गेली तर मालक मला कशाला ठेवंल?"

परतीला ते माझ्याजवळ बसत. त्यांची मुलगी गावाकडे बारावीला होती. "साहेब, बारावीनंतर काय काय असतं?" असं ते दर वेळी विचारत, आणि मी दर वेळी पहिल्यापासून सांगे. "ती तुमच्यासारखी पदवीवाली झाली पायजे," ते म्हणत. मला साहेब म्हणणारे ते पहिले वडीलधारे. मला त्याचा संकोच वाटे आणि, खरं सांगतो, आवडेही.

तो शुक्रवार एप्रिलमधला. आदल्या दिवशी जोराचा वारा सुटला होता. किनारा सारवल्यासारखा सपाट झाला होता, कासवाच्या पावलाची खूण कुठं नाही. होडीत एका बाळाला उलट्या होत होत्या. तांडेल त्याच्या आईला सावलीची जागा करून देत होते. बाकीचे उतरायला उतावीळ झालेले.

"तांडेल, आम्ही होऊ का पुढं?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. "काटक्या खोचायच्या हायत अजून," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं, तुम्ही हायत ना बरोबर. व्हा पुढं. पाण्याजवळच बसवा सगळ्यांना. मी आलोच."

मी सगळ्यांना पाण्याजवळ बसवलं. मागच्या खेपेला कोळंबीच्या सालांचा वास पोत्यातून होडीभर पसरला होता आणि बायका वैतागल्या होत्या. आज तसं होऊ नये, म्हणून मी आधीच तजवीज करायची ठरवलं. शाळेत दर शनिवारी आमचं श्रमदान असे. कचरा उघड्यावर टाकू नये, खड्डा करून पुरावा, हे मी तिथं शिकलो होतो. चांगला खड्डा खणला म्हणून मुख्याध्यापकांनी एकदा माझी पाठही थोपटली होती. गाडी वाळूत रुतली तर हवं म्हणून आम्ही सगळे डिकीत फावडं ठेवायचो. त्या दिवशी ते मी बरोबर घेतलं होतं.

भरतीच्या रेषेच्या वर एका जागी वाळू छान भुसभुशीत लागली. मला आनंद झाला. हातभर खोल गेल्यावर फावड्याला काही तरी मऊ लागलं आणि पातं पिवळं होऊन वर आलं.

तांडेल धावत आले. गुडघे टेकून त्यांनी हातानं वाळू बाजूला केली. पांढरी गोल अंडी, निम्मी फुटलेली. जी शाबूत होती त्यांच्यावर ते अलगद वाळू लोटू लागले.

तेवढ्यात रखवालदाराची पिकअप दिसली. तांडेल उठले आणि माझ्या हातातलं फावडं त्यांनी काढून घेतलं. म्हाताऱ्यानं खड्डा पाहिला. अरबीत विचारलं, हे कुणी केलं?

"अना," तांडेल म्हणाले. म्हणजे मी. हात छातीवर होता.

म्हाताऱ्याचा विश्वास बसला नसावा. त्यानं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. माझी नोकरी नवी होती, बायकोचा व्हिसा नुकताच लागला होता. मी वाळूकडे बघत उभा राहिलो.

"खलास," म्हातारा म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

महिन्याच्या आत मालकानं तांडेलांचा व्हिसा रद्द केला. अबुधाबीच्या विमानतळावर त्यांना मीच सोडायला गेलो. अडीच तासांच्या रस्त्यात मी शब्द जुळवत राहिलो. शेवटी गाडी थांबवल्यावर म्हणालो, "तांडेल, मी त्याला जाऊन सांगतो. खड्डा मी..."

"आता सांगून काय? तुमचंपण जाईल," ते म्हणाले. "वारा खुणा पुसतो, हे तुम्हाला ठावं नव्हतं. मला ठावं होतं. काटक्या खोचल्याबिगर मी कुणाला उतरू दिलं नाय कधी. त्या दिवशी म्हटलं, शिकलेला माणूस हाय बरोबर."

यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसलं असतं.

मी त्यांच्या गावी पत्रं लिहिली. चार वर्षांनी एकाला उत्तर आलं, मुलीचं. बाबा गेल्या पावसाळ्यात वारले. तुमचं नाव नेहमी काढायचे, साहेब स्वतः सोडायला आले होते म्हणून सांगायचे. मी बारावीनंतर शिकले नाही. अक्षर फार सुरेख होतं.

त्या दिवशी विमानतळाच्या दाराशी तांडेल थांबले होते. सवयीनं चपला काढून एकमेकींवर आपटल्या. फरशीवर चिमूटभर वाळू पडली. ते खाली बसले, बोटांनी ती गोळा केली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"तिकडची हाय. गेलात तर टाका."

त्या बेटावर मग कुठल्याच होडीला जाऊ दिलं नाही. ती वाळू मी कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत ठेवली. रुवैस सुटलं, दोन घरं बदलली. डबी माझ्याकडेच आहे.