लवाटेबाईंचे आवाज

"चोराची मला किळस येत नाही, त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवणाऱ्यांची येते," असं वासंती लवाटे एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि चहावर साय धरली होती. ती त्यांनी चमच्यानं उचलली, बशीच्या कडेला पुसली आणि चहा न पिताच कप खाली ठेवला.

बाई टेलिफोन खात्यात होत्या. सुरुवातीला ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडून देण्याच्या कामावर. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जाळं आणि दिवसभर दुसऱ्यांची बोलणी. कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, कुणाचा माल नाक्यावर अडकला. ऐकायचं नाही असा नियम होता आणि ऐकल्याशिवाय काम होत नव्हतं. पुढे यंत्रं आली, दोऱ्या गेल्या, बाई तक्रारींच्या टेबलावर बसल्या. पण एकदा कानात शिरलेला आवाज तिथंच मुक्काम करायचा आणि हवा तेव्हा तोंडातून बाहेर यायचा, ही जुनी खोड राहिली. यजमान वारले, मुलगी अपूर्वा बंगळूरला संसाराला लागली. कर्वेनगरच्या दोन खोल्यांत बाई उरल्या आणि हे साठलेले आवाज उरले.

निवृत्तीनंतर त्या 'सायंतारा ज्येष्ठ नागरिक संघा'त जाऊ लागल्या. संघाचं विरंगुळा केंद्र म्हणजे एक लांबट हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, कॅरमचा बोर्ड आणि भिंतीवर दिवंगत सभासदांच्या तसबिरी. एकदा बाईंना एका भामट्याचा फोन आला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि संध्याकाळी केंद्रात जसाच्या तसा करून दाखवला. "मॅडम, आपके नाम का पार्सल पकडा गया है." मग घसा बदलून दुसरा, अधिकाऱ्याचा : "कॅमेरा चालू रखिए. आप डिजिटल अरेस्ट में हैं." मागे पोलिसांच्या वायरलेसची खरखर, तीसुद्धा टाळूला जीभ लावून. लोक कवळ्या सावरत हसले. अध्यक्ष गोपाळकृष्ण मेहेंदळे विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. टाळ्या कुठे वाजतात हे त्यांना चटकन कळायचं. दर महिन्याला बाईंचा कार्यक्रम ठरला.

आवाज काढून झाले की बाई स्वतःच्या आवाजात बोलत. "पोलीस व्हिडिओवर कुणाला अटक करत नाहीत. ओटीपी जावयालाही द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा." हे बोलणं सुरू झालं की खुर्च्या सरकू लागत, पिशव्या शोधल्या जात. मागून कुणीतरी ओरडे, "अहो बाई, तो बिहारी काढा ना पुन्हा!" बाई काढत. लोकांनी त्यातून एवढंच घेतलं, की चोर हिंदी बोलतो. चोर घाई करतो. चोराला वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं ते कळत नाही.

अभिनवला ते फार छान कळत होतं.

हा अभिनव तिशीचा. पांढरा शर्ट, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. केंद्रात शिरताना तो दाराबाहेरच्या चपला ओळीत लावायचा, स्वतःच्या आणि इतरांच्याही. बोलणं धुतलेल्या तांदळासारखं. "काका, जेवण झालं का? आपण सावकाश सांगा, मला घाई नाही." त्याच्या कंपनीचं नाव 'निर्धास्त कवच'. बँकेतली ठेव मोडून कवचात ठेवायची. व्याज बँकेपेक्षा चांगलं, वर कधी फसवणूक झालीच तर भरपाई. फसण्याच्या भीतीवर इतका सुबक धंदा कुणी काढला नसेल. शिवाय तो म्हणायचा, "आमच्यावरही लगेच विश्वास ठेवू नका हं. लवाटेबाई काय सांगतात? आधी चौकशी करा."

मंडळींनी चौकशी केली. मूळचा कुठला, विचारलं. सदाशिव पेठेत आजोळ, तो म्हणाला. चौकशी संपली.

त्यानंतर बाईंच्या कार्यक्रमाचा खर्च कवच करू लागलं. दाराशी टेबल, टेबलावर अर्ज, शेजारी गरम बटाटेवडे. हसून हसून सैल झालेली माणसं वडा खात सह्या करत. मागच्या फ्लेक्सवर बाईंचा फोटो आणि मजकूर : 'लवाटेबाई सांगतात, सावध राहा'. खाली कंपनीचं नाव. तो फ्लेक्स पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं होतं, "हा फोटो जुना आहे, नवा देऊ का?"

सहा महिने व्याज वेळेवर आलं. मग थांबलं.

एका दुपारी बद्रीनाथ ढगे बाईंच्या दारात उभे राहिले. ते जिंतूरकडचे. चिंचवडच्या कारखान्यात उभी हयात काढून आता कर्वेनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. संघात ते शेवटच्या रांगेत बसत आणि त्यांच्या शेजारची खुर्ची बहुतेकदा रिकामी असे.

"बसा, बद्रीनाथराव."

"बसत नाही, ताई. त्या पोराला रोज फोन लावतो. उचलतो, गोड बोलतो."

"काय म्हणतो?"

"म्हनतो, काका, जेवन झालं का."

बाई हसल्या आणि लगेच थांबल्या. बद्रीनाथ हसत नव्हते.

"रिटायर होताना कारखान्यातून आलेले समदे तिथंच ठिवले म्या. बायकोच्या गुडघ्याचं आप्रेशन त्याच्यातच करायचं व्हतं. पोराला अजून सांगितलं नाही. तुमी सांगत व्हत्या म्हनून ठिवले."

"मी असं कधी सांगितलं?"

"बोर्डावर फोटो तर तुमचाच हाय की." मग त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "तुमचे किती अडकले, ताई?"

बाईंनी पदर सारखा केला. "माझे नाहीत."

"म्हंजी?"

"माझे पोस्टात आहेत. पहिल्यापासून."

"मंग आमाला का नाही सांगितलं, पोस्टात ठिवा म्हनून?"

कुणी विचारलं नाही, हे खरं होतं. पण ते तोंडात आल्यावर कुजकं लागलं.

त्या एकट्याच पोलीस चौकीत गेल्या. हवालदारानं नीट ऐकून घेतलं. "तुमचे गेलेत का, आजी? नाही? मग ज्यांचे गेलेत त्यांना घेऊन या. सगळे मिळून आलात तर लवकर हालचाल होईल." बाईंनी एकेका सभासदाला फोन लावले. कुणाचेच गेले नव्हते. "जरा उशीर होतोय एवढंच." "मुलाच्या कानावर घालू नका हं." एका निवृत्त प्राध्यापकांनी तर, "हा वैयक्तिक प्रश्न आहे," म्हणून फोन ठेवला. जन्मभर रिक्षावाल्याशी रुपयासाठी भांडलेली ही माणसं. आता आयुष्याची पुंजी गेली होती आणि कुणाला कळू नये म्हणून ती त्याच्यावर सतरंजी ओढून वर बसली होती.

शेवटी बाई मेहेंदळ्यांच्या घरी गेल्या. जिन्यात अभिनव भेटला. तो उतरत होता. "नमस्कार बाई. गुडघे कसे आहेत?" म्हणत त्यानं कठड्याची बाजू सोडून दिली. आत टीपॉयवर त्याचा रिकामा कप होता आणि बशीत दोन बिस्किटं उरली होती.

"सगळ्यांनी मिळून तक्रार करायची, मेहेंदळे. आजच."

"अहो बाई, आपण टेलिफोन खात्यात होतात, न्यायखात्यात नव्हे."

"तो चोर आहे."

"असेल. पण आमचे पैसे त्याच्याकडे आहेत, पोलिसांकडे नाहीत. त्याला आत टाकलात तर तो तिथं जेवेल आणि आम्ही इथं उपाशी." मेहेंदळ्यांनी चष्मा पुसला. "रविवारी आपला वर्धापनदिन. वारजे आणि कोथरूडच्या संघांना बोलावलंय. आपण आवाज काढायचे, दाराशी नेहमीप्रमाणे टेबल. नव्या ठेवी आल्या की तो आपल्या मंडळींचे सोडणार. आधी कार्यकारिणी, मग बाकीचे."

"म्हणजे त्यांचे पैसे आपल्याला."

"पैशावर नाव लिहिलेलं असतं का?"

"आणि मग त्यांचे कोण देणार?"

"त्यांच्याही संघात बोलकी बाई असेलच की एखादी." मेहेंदळे हसले. "शिवाय आपला सत्कार आहे. शाल, श्रीफळ. नारळ मी स्वतः वाजवून घेतलाय. आणि उद्या प्रकरण चिघळलंच, तर फ्लेक्सवर फोटो माझा नाही, आपला आहे. एवढं लक्षात असू द्या." मग बशी पुढे सरकवत म्हणाले, "घ्या, बिस्किट घ्या."

खाली फाटकाशी बद्रीनाथ उभे होते. त्यांना बोलावलेलं दिसत होतं.

"ताई, अध्यक्ष म्हनले, तुमी कार्यक्रम केला तर दुसऱ्या खेपेला माझं नाव धरतेत."

"बद्रीनाथराव, येणारे लोक तुमच्यासारखेच आहेत. त्यांचेही आयुष्यभराचेच असणार."

बद्रीनाथांनी चपलेच्या टोकानं फुटपाथवरची पेव्हरची फट उकरली. "त्यायला कुठं वळखतो आपन," ते म्हणाले. "करा की, ताई. तेवढा एक डाव. तिला जिना उतरता येत नाही आता."

मेहेंदळ्यांची किळस बाईंनी सहज केली असती. बद्रीनाथांची करता येईना आणि न करताही राहवेना. घरी जाऊन त्यांनी साबण लावून हात धुतले. का धुतले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगांत पाहुणे, हातात कवचाचे अर्ज, अर्जांवर वड्यांच्या तेलाचे डाग. त्यांतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "इथं कसं, सगळी आपली माणसं आहेत." मंचावर मेहेंदळे, त्यांच्या शेजारी गुच्छ घेऊन अभिनव. बाईंच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, मग माइक आला.

"पार्सलवाला!" मागून आरोळी उठली. "पार्सलवाला!"

बाईंनी नारळ खुर्चीवर ठेवला. एकदा बद्रीनाथांकडे पाहिलं. ते आज शेवटच्या रांगेत नव्हते, मधल्या वाटेच्या कडेला होते आणि हात जोडल्यासारखे धरून बसले होते. मग बाईंनी माइक तोंडाशी नेला.

"काका, जेवण झालं का?" आवाज इतका हुबेहूब, की मेहेंदळ्यांनी दचकून शेजारी पाहिलं. "आपण सावकाश ऐका, मला घाई नाही."

हशा पिकला. अभिनवही मान डोलावून हसला.

"आमच्यावर लगेच विश्वास ठेवू नका हं, काकू. आजोळ विचारा. सदाशिव पेठ. झालं? आता ठेव मोडा. पहिले सहा महिने मी आपलेच पैसे आपल्याला थोडे थोडे देतो, व्याज म्हणून. गोड लागतात ना? मग देत नाही. मग फक्त जेवण झालं का विचारतो."

हसू पुढून मागे विझत गेलं. अभिनवचं तोंड अजून हसऱ्या आकारातच होतं. त्यात हसू नव्हतं.

"या संघाचे अडकलेत, काका. पण आज वारजे आणि कोथरूडची मंडळी आलीयेत. त्यांनी सह्या केल्या की यांचे सोडतो. आधी कार्यकारिणीचे."

"बाई, पुरे!" मेहेंदळे उठले.

बाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि घसा बदलला. कोरडा, चष्मा पुसत बोलणारा आवाज आला. "पैशावर नाव लिहिलेलं असतं का?"

पंखे फिरत होते. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हातातला अर्ज उलटा केला, सुलटा केला, मग चौघडी करून पायाखाली टाकला. "काका, एक मिनिट, गैरसमज होतोय," म्हणत अभिनव खाली उतरू लागला. दाराशी बसलेल्या त्याच्या माणसानं टेबलावरचे अर्ज गोळा करायला घेतले.

बाईंनी माइक बंद करून टेबलावर ठेवला. खांद्यावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. त्या मधल्या वाटेनं चालू लागल्या. कुणी "शाब्बास" म्हणालं, कुणी "लाज नाही वाटत, संघाची अब्रू घालवलीत" म्हणालं. दोन्ही आवाज ओळखीचेच होते. बद्रीनाथांपाशी त्या थांबल्या. त्यांनी मान वर केली नाही. बाईंना जायला वाट मिळावी म्हणून पाय तेवढे खुर्चीखाली ओढून घेतले.

बाई काहीतरी बोलतील म्हणून जवळपासची माणसं वाकली. बाई दाराकडे वळल्या. दारातल्या चपलांच्या ओळीतून त्यांनी आपल्या चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि बाहेर निघून गेल्या.