जुना टाका

माझ्या थोरल्या साडूंइतके निर्णय घेणारा माणूस उभ्या सुरतेत दुसरा झाला नसेल. एका सकाळीत ते चार-चार पक्के निर्णय घेत, आणि चारही एकाच गोष्टीबद्दल असत. बँकेत त्यांच्या टेबलावरचा कागद ‘चर्चा करवी’ असा गुजराती शेरा घेऊनच पुढे सरके. मुलीच्या बारशाला रेवा आणि वैशाली या दोन नावांत त्यांचं काही ठरेना, म्हणून ती पोरगी घरात रेवा आणि शाळेत वैशाली म्हणून वाढली. रविवारी आम्ही दोघं नाश्त्याला बाहेर पडायचो. लोचो घ्यावा की खमण, यावर वेटर दोनदा येऊन जाई. शेवटी ते लोचो मागवत, मी खमण मागवायचो, आणि लोचोची बशी पुढ्यात आली की ते म्हणत, “साडूभाऊ, खमणच घ्यायला हवं होतं,” आणि माझ्या बशीत हात घालत. मी सुरतेच्या नोकरीत खमण असं पोटभर कधी खाल्लंच नाही.

त्यांच्याकडे एक गाडी होती. ती कुठल्या कंपनीची हे सांगण्यात अर्थ नाही, कारण नव्वद सालानंतर तिच्यात त्या कंपनीचं फारसं काही उरलं नव्हतं. रेवा जन्मली तेव्हा तिला इस्पितळातून याच गाडीतून घरी आणलं होतं, म्हणून गाडी विकायचा विषय निघाला की साडू दुसऱ्या खोलीत जात. पुढे तिचा गिअरबॉक्स आजारी पडला. दुसरा गिअर टाकला आणि हात काढला की दांडा टुणकन उडी मारून न्यूट्रलला येई. साडूंनी यावर तोडगा काढला. पुढच्या सीटवर बसून दांडा दाबून धरायचं काम त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला दिलं. कोसाडच्या कॉलनीतून बाजारापर्यंत ताई एका हातात पिशवी आणि एका हातात दांडा धरून जात. “लग्नाला उभी राहिले तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं,” असं त्या मला म्हणाल्या होत्या.

हे असंच चाललं असतं. पण धुळ्याला दिलेल्या रेवाला सातवा महिना लागला आणि बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं निघालं. सासरचे म्हणाले, रेल्वेनं पाठवतो. ताईही म्हणाल्या, रेल्वेच बरी. रेवानं मात्र फोनवर सांगितलं, “बाबा, मी आपल्याच गाडीतून येणार. तुम्ही या.” धुळ्याहून सुरतेला यायचं म्हणजे वाटेत कोंडाईबारीचा घाट उतरायचा. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर धरून ठेवावी लागते, आणि तिथं तो निसटला तर सगळा भार ब्रेकवर. पोटुशी मुलगी मागच्या सीटवर. या एका विचारानं साडूंची झोप उडाली.

आता प्रश्न असा, की गिअरबॉक्स खोलून तोच पुन्हा बांधून घ्यायचा, की सरळ नवा बसवायचा? साडूंनी हा प्रश्न बँकेच्या शिपायापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना घातला. डॉक्टर म्हणाले, मूळ आहे तोवर काढू नये. त्यामुळे एक दिवस जुना ठरला. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, आतलं एक दातेरी चाक बदललं तरी बाकीच्या चाकांचा काय भरवसा? म्हणून नवा ठरला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. “नव्याचं जुन्या इंजिनाशी पटेल का हो? दोघांचे स्वभाव वेगळे.” मी म्हटलं, पत्रिका बघू या. त्यावर ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते खरोखरच विचारात पडले. त्यांच्या नादानं मलाही काही सुचेनासं झालं, आणि मी वर्गात मुलांना भूमितीऐवजी गिअरची चाकं काढून दाखवू लागलो.

गॅरेज लिंबायतला, माझ्या शाळेजवळ होतं आणि गॅरेजवाल्याचं नाव दगाभाऊ. खानदेशात हे नाव सर्रास असतं, पण आमचे साडू साताऱ्याकडचे. “गाडी दगाच्या हाती द्यायची?” म्हणून त्यांनी त्यातही काही दिवस घालवले. शेवटी दिली. दगाभाऊंनी बॉक्स उतरवून खोलून ठेवला. नवाही आणून ठेवला, आणि म्हणाले, “दादा, काय ते ठरवीसन फोन करज्यात.”

निघायच्या आदल्या दिवशी साडू मला घेऊन एस.टी.डी. बूथवर गेले. आत शिरताना चेहरा असा, की जणू लग्नाचा होकार द्यायचाय. मी दाराशी उभा होतो. ते ओरडून बोलत होते, “हां दगाभाऊ! ठरलं! काय म्हणता? जुना टाकू? हो, टाका! बिनधास्त जुना टाका!” बाहेर येऊन त्यांनी घाम पुसला. “सुटलो. जुना टाकून दिला. आता नवा बसला की काळजी मिटली.” ताईंनी त्या संध्याकाळी शिरा केला. दगाभाऊंचं बिल साडूंनी न वाचताच दिलं. वाचलं तर पुन्हा मन बदलेल, अशी त्यांना भीती होती.

सल्ला लागलाच तर असावा म्हणून मलाही सोबत घेतलं. चलथाणच्या साखर कारखान्यापाशी उसाच्या गाड्यांची लांब रांग होती. तिथं दुसऱ्या गिअरवरच सरकावं लागलं. ताईंचा हात सवयीनं दांड्याकडे गेला, तो साडूंनी हळूच बाजूला केला. दांडा जागचा हलला नाही. परतीला कोंडाईबारी उतरताना रेवा मागच्या सीटवर ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती. पुढं एक लादलेला ट्रक, आणि साडूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. “साडूभाऊ, बघा. हात न लावता! नव्याची गोष्टच वेगळी.” आयुष्यात त्यांना एकदाच इतकं ठाम बोलताना मी ऐकलं. फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही घारीचा डबा घेऊन दगाभाऊंकडे गेलो. साडू म्हणाले, “तो जुना बॉक्स द्या हो. आठवण म्हणून ठेवतो.”

“जुना?” दगाभाऊ म्हणाले. “तो तं गाडीमाच शे.”

“म्हणजे?”

“तुम्हीच फोनवर सांगं ना, जुना टाका म्हनीसन. मी बांधीसन टाकी दिन्हा.” आणि त्यांनी कोपऱ्यातला नवा बॉक्स दाखवला. परत पाठवायला गुंडाळून ठेवलेला.

साडू टायरवर बसले. “म्हणजे घाटात तो जुनाच होता?”

“जुनाच,” मी म्हटलं.

“मग मी बरोबर ठरवलं, की चुकीचं?”

मला आजही ते सांगता येत नाही. दगाभाऊही गोंधळले. “मंग आते नवा टाकू का?” त्यांनी विचारलं. साडूंनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तसं मी त्यांना दंडाला धरून रिक्षात घातलं.

रेवाला मुलगी झाली. नाव ठेवायचं काम मात्र कुणी आजोबांकडे दिलं नाही.

निवृत्तीनंतर रेवानं दोघांना धुळ्याला बोलावलं. जायचं की नाही, यावर साडूंनी पुन्हा सगळ्या सुरतेला विचारलं. मला विचारलं तेव्हा मी “जा” म्हणालो, कारण त्यांना तेच ऐकायचं होतं. मला ते नको होतं. निघायच्या दिवशी त्यांनी त्याच गाडीची काच खाली केली आणि म्हणाले, “साडूभाऊ, सुरत टाकली बरं का.” मग हसू आवरत म्हणाले, “कुठल्या अर्थानं ते विचारू नका. अजून ठरलेलं नाही.” पहिला गिअर पडला, मग दुसरा, आणि गाडी कॉलनीच्या वळणावरून गेली.

रविवारी मी अजून नाश्त्याला जातो. माझं मी झटकन ठरवतो, वेटरला ताटकळावं लागत नाही. सवयीनं लोचो आणि खमण दोन्ही मागवतो. आता माझ्या बशीत कुणी हात घालत नाही, खमण अख्खं माझं असतं. ते मला संपत नाही. तसंच टाकून उठतो.