समझोत्यानंतरचं हळदीकुंकू

पुण्याहून निघाले तेव्हा विमानतळावर आई एवढंच म्हणाली, "परक्या मुलखात पडतं घे गं, वाद घालू नकोस." धड रडताही आलं नाही. वजन जास्त भरलं म्हणून बॅगेतून लोणचं काढायचं की भाजणी, यावर खल चालला होता. जर्मनीत झिंडेलफिंगेनला आल्यावर कळलं, इथे पडतं घेणं सोपं आहे. रविवारी आवाज नको म्हणून काचेच्या बाटल्या टाकायला जायचं नाही, एवढंच.

आमच्या इमारतीत दोन सीरियन बायका होत्या, तळमजल्यावर हनान आणि आमच्यासमोर रीमा. दोघी एकाच गावच्या. रीमाचा दीर सरकारी सैन्यात, हनानचं घर विरोधकांच्या बाजूचं. केअरवोखेची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची पाटीसुद्धा एकमेकींच्या दाराला गुपचूप अडकवून निघून जायच्या.

२०१९च्या संक्रांतीला सासूबाई इथे होत्या. हातवारे करून दोघींनाही हळदीकुंकवाला बोलावून आल्या. मी म्हटलं, "अहो आई, त्या दोघी बोलत नाहीत."

"मग तिळगूळ कशाला असतो? जिन्यातल्या एकीला बोलवायचं नि दुसरीला वगळायचं, हे मला नाही जमायचं."

दोघी आल्या. रीमाच आधी जर्मनमध्ये बोलली, "आता गावात सरकारशी समझोता झालाय. स्थैर्य आलं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हनान म्हणाली. "सही करा नि राहा, नाहीतर बसमध्ये बसून गाव सोडा. घर सांभाळायला मागे राहिलेल्या माझ्या मुलाने सही केली. नंतर सरकारी माणसांनी त्याला घरातूनच उचलून नेलं. कुठे आहे, कुणी सांगत नाही."

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली गं?" मी सांगितलं. पुढे 'गोड बोला' म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

मला रीमाचा राग आला नाही. राग आला तो बातम्यांत हस्तांदोलन करणाऱ्यांचा, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचाही. झालं गेलं गंगेला मिळालं, असं आपण किती सहज म्हणतो! ज्याचं काही गेलेलं नसतं, तोच हे म्हणतो.

त्याच वर्षी आम्ही जवळच्या गेर्लिंगेनला घर घेतलं. हनान ओलसर खोलीत दोन मुलींसह दाटीवाटीने राहते, म्हणून आमच्याच नव्या गल्लीत तिच्यासाठी चांगला फ्लॅट शोधला. तिने नको म्हटलं. "मुलाकडे इथलाच पत्ता आहे."

पुण्याचं घर सोडल्याचं दुःख मी तुम्हा वाचकांना इतकी वर्षं ऐकवत आले. आता ऐकवणार नाही. हनानच्या दारावरच्या बेलपाशी तिच्या नावाखाली मुलाचंही नाव लावलेलं आहे.