माझ्या वर्गातली डिझायनर

जळगावात चित्रकलेच्या कॉलेजात ती माझ्या वर्गात होती. अक्षरलेखनात माझा हात तिच्यापेक्षा चांगला. हे मी नाही, आमचे सर म्हणायचे. पुढे ती पुण्याला ॲप बनवणाऱ्या कंपनीत लागली आणि मी इथेच दुकान टाकलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. डिझायनर दोघंही, पण ती परिषदांमधून बोलते, आणि मला गिऱ्हाईक सांगतं, "भाऊ, साहेबांचा फोटो अजून मोठा करा." तिचे फोटो मोबाइलवर दिसले की मी ते पटकन वर सरकवायचो. आणि थोड्या वेळाने पुन्हा शोधून बघायचो.

दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. केळीच्या पानाचा फोटो काढला की करपा रोग आहे का ते सांगणारं ॲप ती करत होती. "असोद्याला तुझ्या मामीची केळीची बाग आहे ना? मला घेऊन चल."

मोटारसायकलवरून नेलं. मला वाटलं, आता ही रंग दाखवेल, चित्रं दाखवेल. तिने नुसता मोबाइल मामीच्या हातात दिला आणि शेजारी गप्प बसली. मामीने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. शेवटी ओशाळून म्हणाली, "मले काही समजत नही पोरी. मी अडानी."

"तुमचं काही चुकलं नाही, मामी. आम्हीच नीट बनवलं नाही," ती म्हणाली आणि कुठे अडलं ते विचारत राहिली. मामी खुलली. चहा झाला, मग जेवणाचा आग्रह झाला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाबद्दल मामीने कधी एक शब्द विचारला नव्हता.

परतताना मी टोमणा मारला, "एवढं शिकून नुसतं बघत बसायचं?"

"तेच तर काम आहे आता," ती हसली. मग म्हणाली, "तुझा हात फार सुंदर होता रे."

तो 'होता' मला घरापर्यंत पुरला.

महिन्याभराने तिने ॲपसाठी अक्षरं मागितली. भर उन्हात, शेतात वाचता येतील अशी. मी हो म्हटलं ते केवळ तिला दाखवून द्यायला. पाच वेळा तिने परत पाठवली. गाठी काढ, शेपट्या काढ, अजून सोपं कर. दात-ओठ खात मी करत गेलो. सहाव्या वेळी "हेच!" असं उत्तर आलं.

ॲप आल्यावर असोद्याला गेलो, तर मामीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "पाह्य, त्या पोरीनं कसं मोठं मोठं लिव्हलं. चष्म्याबिगर वाचता येतं."

मला राहवेना. "मामी, ते अक्षर माझं आहे."

मामीने मोबाइल जवळ नेला, लांब नेला. "खरंच? मंग लग्नाच्या पत्रिकेवर असं काहून नही लिव्हत?"

"गिऱ्हाइकाला वेलबुट्टीच लागते," मी म्हटलं. खरं तर तेवढ्यात सुखावलोही होतो. मामी स्वयंपाकघरात वळली आणि तिथूनच तिने विचारलं, "ती पोरगी आता कधी येईन रे? तिच्यासाठी पापड काढून ठेवले."