सॉकेटमधल्या दोन काड्या

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी मेन स्विचकडे जातो. मुलुंडला एका नव्या इमारतीच्या कामावर ड्रिल चालवणारा मजूर शॉक लागून गेला. अकस्मात मृत्यूची नोंद करून आम्ही पंचनामा केला. ड्रिलच्या वायरला प्लगच नव्हता. दोन उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये ठोसलेल्या आणि अर्थिंगची हिरवी तार बाहेर लोंबत होती.

सुपरवायझर तयारीतच होता. त्याने विद्युत सुरक्षा प्रशिक्षणाचं रजिस्टर पुढे केलं. त्यात मयताची सही, आणि प्रशिक्षक म्हणून खुद्द सुपरवायझरची.

"शिकवलं होतं साहेब. ऐकत नाहीत ना ही लोकं."

मयताची बायको मानखुर्दहून आली होती. ती म्हणाली, "गावी सासूबाईंना या कामावरच्या लोकांनी कळवलंय, तुमचा मुलगा स्वतःच्या चुकीने मेला. साहेब, खरं काय ते शोधा."

कागद फार नीटनेटका दिसला की मला संशय येतो. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, ट्रेनिंग-बिनिंग काय नाय झालं. हेल्मेटं वाटली, तेव्हाच सह्या घेतल्या." पण जबाब द्यायला कुणी पुढे येईना.

मग मी सुपरवायझरला चौकशीला बोलावलं. त्याआधी खोलीतल्या स्टँडच्या पंख्याचा प्लग कापला आणि मेन स्विच बंद करून ठेवला. दहा मिनिटं इकडचं तिकडचं विचारलं. तो घामाघूम झाला.

"उकडतंय ना? लाव तो पंखा."

तो उठला. खिशातून काडेपेटी काढली, दोन तारा सॉकेटमध्ये घातल्या, वर काड्या ठोसल्या. हिरवी तार तशीच लोंबत ठेवली. बटण दाबून पंख्याकडे बघत राहिला. मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर ठेवलं.

"काय रे, हेच शिकवलंस?"

त्याने काडेपेटी रजिस्टरवर ठेवली. "साहेब, मलाच कुणी शिकवलं नाय. ठेकेदार शेठ बोलले, रजिस्टर भर."

त्याचा जबाब झाल्यावर मजूरही एकेक करून बोलले. ठेकेदार आणि सुपरवायझर, दोघांवर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल केला. सुपरवायझरचा राग आला होता, आणि खरं सांगतो, कीवही आली.

मयताच्या बायकोने गावी फोन लावून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "आई, तुमच्या मुलाची चूक नव्हती. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं."

पलीकडून म्हातारी म्हणाली, "बाकीच्यांना तरी शिकवा आता."

माणसाची सही काय सांगते त्यापेक्षा त्याचा हात काय करतो ते बघावं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. निवृत्तीनंतर बांधकामांवर शिकवायला जातो, तो त्या म्हातारीच्या शब्दाखातर. रजिस्टर मागत नाही. मेन बंद करतो, समोरच्याच्या हातात उघड्या तारा देतो आणि म्हणतो, "लाव बघू."