मांडा फाटला की

माझ्या हातांना धीर नाही. कढई तापली नाही तोच फोडणी टाकणार, वाफ दबायच्या आत झाकण उघडणार. माहेरी पाचोऱ्याला हे खपून गेलं. वडील रेल्वेत, क्वार्टरमध्ये शेगडी, पुरणपोळी म्हणजे पोळपाटावर लाटायची आणि तव्यावर टाकायची. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन धुळ्याला आले आणि गाठ पडली खापराशी.

खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. त्यावरचे मांडे, म्हणजे मोठाल्या पुरणपोळ्या, लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, झेलत झेलत वाढवायचा आणि अलगद खापरावर पसरायचा. सासूबाई आणि जाऊबाई गप्पा मारता मारता करायच्या. माझा निम्म्यातच फाटायचा. पुरण खापरावर पडायचं, गूळ जळायचा, मग खापर पुसा, पुन्हा तापवा, तोवर पंगत ताटकळलेली.

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. सासूबाई फक्त म्हणायच्या, "दम धर पोर, बठ्ठं व्हई," म्हणजे सगळं जमेल. रागवायचं काम मी स्वतःकडेच घेतलं होतं. "मेले, तुझ्या हातांना काय रोग झालाय," म्हणत डाव्या हाताने उजव्यावर चापट मारायची. मांड्यांपुरतंच नाही. चहा सांडला, मेले. बटण तुटलं, मेले. दिवसभर आपणच आपल्या मागे हात धुऊन लागलेलं. जरा बसले की जीव नुसता खालीवर व्हायचा.

मुलगी पाचेक वर्षांची असताना एका दुपारी अंगणात खेळत होती. वाटी पालथी घालून तिच्यावर चिखलाचा मांडा टाकत होती. तो फाटला. तिने आपल्याच हातावर फाडकन चापट मारली. "मेले, तुझ्या हातांना काय रोग झालाय." खेळातलं नव्हतं ते, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला ओढून जवळ घेतलं. "असू दे गं राणी, दुसरा कर." किती पटकन आलं तोंडात. मग मला स्वतःला हे म्हणायला काय धाड भरली होती?

दुसऱ्या दिवसापासून भाकरी थापताना ठरवून म्हणू लागले. कड चिरली की, "असू दे, दुसरी थाप." मोठ्याने, पोरीला ऐकू जाईल असं. इतकं खोटं वाटायचं की काय सांगू. जाऊबाई हसायच्या, "हातसंगे काय बोली ऱ्हायनी तू?" कधी 'असू दे' म्हणतानाही दातओठ खात असायची. एखाद दिवस नीट जायचा, की पुन्हा चापट पडायचीच. मग चापट मारली म्हणून स्वतःवर चिडायचं, आणि मग त्यालाही 'असू दे' म्हणायचं. नुसता वैताग. पण सोडलं नाही, कारण पोरगी बघत असायची. तिला हे दुखणं माझ्याकडून मिळायला नको होतं.

आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. पितरांचा नैवेद्य, माहेरपणाला आलेल्या नणंदा, अंगणात चूल पेटलेली. मी गोळा उचलला आणि हात नेहमीसारखे पुढे पळाले. मांडा मधोमध फाटला, पुरण खापरावर चरचरलं. माझा डावा हात वर गेलासुद्धा होता. समोर मुलगी उभी, टक लावून बघत. मी तो हात पदराला पुसला, खापर पुसलं आणि दुसरा गोळा घेतला. तोही काही फार गोल झाला नाही.

मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, आज तू स्वतःला रागावली नाहीस?"

"नाही."

"का?"

"रागावलं की मला वाईट वाटतं गं," मी म्हटलं, आणि सगळ्यांदेखत, पुरणाच्या हातांनीच, मला रडू फुटलं.