ढब्बूशी गप्पा

इस्त्रीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं कुणी म्हणणार नाही. भिजायचा, वर त्याला मोडही यायचे. लग्न होऊन केस पिकले, पण बायकोशी त्याचं बोलणं म्हणजे 'चहा', 'मीठ कमी' आणि 'दार लाव'. शेवटी कंटाळून ती बहिणीकडे निघाली. म्हणाली, परत यायचं की नाही ते तिथे ठरवीन, माझ्या ढब्बूला तेवढं सांभाळा. इस्त्रीवाला "बरं" म्हणाला. आता याला काय म्हणावं!

ढब्बू म्हणजे तिचा लठ्ठ, म्हातारा कुत्रा. दुकान घराला लागूनच, वर पत्रा, आत तापलेली इस्त्री. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी ढब्बू टेबलाखाली लवंडला. जीभ हातभर बाहेर, तोंडाला फेस, डोळे फिरलेले. इस्त्रीवाल्याचं धाबं दणाणलं. हा मेला तर ती कशाला परत येते?

मग त्याने हाताला सवय होती तेच केलं. पाणी शिंपडलं, ओल्या चादरीत ढब्बूला घट्ट गुंडाळलं आणि मुरायला ठेवलं. सुती कपडे असेच मऊ पडतात. ढब्बूही मऊ पडला, पण भलताच. धाप आणखी वाढली.

त्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचे कोट त्याच्याकडेच यायचे. डॉक्टरांनी विचारून विचारून सगळी हकिगत काढून घेतली, बायको बहिणीकडे गेल्याचीसुद्धा. मग म्हणाले, आधी ती गुंडाळी सोडा, उष्णता आत कोंडतेय. मोरीत न्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, पंखा लावा. मी गाडी घेऊन निघालो, तुमची मेहुणी माझ्याच गल्लीत राहते, तुमच्या बायकोलाही घेतो. आणि त्याच्याशी सारखं बोला, शुद्धीवर आहे की नाही ते कळेल.

पाणी होतं, पंखा होता. बोलायचं काय?

"आधी कॉलर करायची," त्याने सुरुवात केली. "मग बाह्या." ढब्बूचा कान हलला. शर्ट संपला, पँट संपली. विषय संपले तसा कान पडायला लागला. घाबरून त्याने घरचं काढलं. घर खायला उठतं म्हणाला. दुप्पट साखर घातली तरी चहा गोड लागत नाही. तिचे कपडे मी सगळ्यात शेवटी करतो, घाईत नकोत म्हणून. जाऊ नकोस असं ओठांवर आलं होतं रे, पण बाहेर पडलं 'बरं'.

गाडी कधी आली ते त्याला कळलंच नाही. डॉक्टरांनी ढब्बूला तपासलं. वाचेल, म्हणाले, अजून थोडं पाणी घाला, मग दवाखान्यात नेऊ. बायको मोरीच्या दारात उभी होती. बराच वेळ उभी असावी.

"हे मला कधी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

इस्त्रीवाल्याने पाणी ओतणं थांबवलं नाही.

"तू कधी बेशुद्ध पडली नाहीस."

ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्या हातातला मग घेतला आणि पाणी ओतायला लागली.

"थांबू नका," म्हणाली. "बोला पुढे."